डॉक्टर कुनुगींचा खांब

१

डॉक्टर कुनुगींचे दोन्ही हात यंत्राच्या पोटात होते. इन्स्पेक्टर इबुकीला सगळ्यात आधी खटकलं ते हेच.

म्हातारा दंतवैद्य गुडघ्यांवर बसून पुढे वाकला होता, कपाळ टेबलाच्या कडेला टेकलेलं. समोर अॅम्प्लिफायर उताणा पडलेला. त्याचे काचेचे दिवे काढून मऊ फडक्यावर एका ओळीत मांडून ठेवलेले, दवाखान्यातली हत्यारं मांडावीत तसे. भिंतींना उंच कपाटाएवढे दोन स्पीकर, मधे एकच खुर्ची. हीटर चालू होता, त्यामुळे मरण नेमकं कधी आलं ते शवचिकित्सेच्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना. दुपारी कधीतरी, एवढंच ते म्हणाले.

"अपघात आहे, बाई," हवालदार नेमोतो म्हणाला. "उघडं यंत्र, जिवंत वीज. या छंदिष्ट लोकांचं असंच होतं. माझा मेव्हणा रेडिओ उघडून बसतो तेव्हा माझी बहीण देवापुढे उदबत्ती लावते."

दारात डॉक्टरांची मुलगी सुमिए उभी होती. संध्याकाळी बापाला भेटायला आली ती संत्र्यांची पिशवी घेऊन, आणि पिशवी अजून तिच्या हातातच होती.

"बाबा दोन हात घालायचे नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एक हात यंत्रात, दुसरा खिशात. वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली की वाटेत काळीज लागतं, असं म्हणायचे. मी चार वर्षांची असल्यापासून ऐकतेय."

"कधीच नाही घातले दोन हात?"

सुमिएने विचार केला. "बाहेर खांबापाशी वीज तोडली असेल तेव्हाच. तेव्हा मात्र निर्धास्त असायचे."

इबुकी पुन्हा खाली वाकली. दोन्ही तळव्यांवर भाजल्याच्या खुणा होत्या. जन्मभर एक हात खिशात ठेवणारा माणूस आज निर्धास्त होता. आणि यंत्रात वीज होती.

२

खांब अंगणाच्या कोपऱ्यात होता, काँक्रीटचा, माथ्यावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर मिरवणारा. रस्त्यावरच्या खांबांशी त्याचं घरगुती नातं काही नव्हतं. शेजाऱ्यांच्या फ्रिजनी, धुलाईयंत्रांनी आणि पंपांनी नासवलेली वीज आपल्या संगीताला नको, म्हणून डॉक्टरांनी वीजकंपनीशी वर्षभर भांडून तो उभा केला होता. त्याची वीज फक्त ऐकण्याच्या खोलीतल्या यंत्रांना मिळायची. घरातले दिवे, हीटर, भाताचा कुकर यांनी गावासारखं रस्त्यावरच्या तारेचं खावं, असा दंडक होता.

कुंपणापलीकडे तोकी ओकुमुराचा तोफूचा कारखाना. कारखाना म्हणजे दोन हौद, एक दळणयंत्र आणि ओकुमुरा काकू.

"पोस्टमनने सांगितलं ना तुम्हाला?" दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कमरेवर हात ठेवून तयारच होती. "काल दुपारी मी खांबाखाली होते, हो. लपवायचं काय त्यात?"

"काय करत होतात?"

"सोयाबीनचं आंबलेलं पाणी ओतत होते त्याच्या बुडाशी. रोज ओतते. गंजून पडेल कधीतरी."

"काकू, खांब काँक्रीटचा आहे," नेमोतो म्हणाला.

"असू दे. मनाला बरं वाटतं." तिने फडक्याला हात पुसले. "माझ्या दळणयंत्रामुळे त्याच्या पेटीत घाण शिरते म्हणे! चारचौघांत म्हणाला. मी सोयाबीन दळते की गटार? खांबावर कुऱ्हाड घालीन, असं म्हणाले होते मी. म्हणाले होते! घातली का?"

खांबाला छातीच्या उंचीवर एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात मुख्य खटका. तो पाडला की खोलीतली यंत्रं मेली, वर केला की जिवंत. इबुकीने पेटीकडे पाहिलं आणि मग काकूच्या हातांकडे. हौद उपसून उपसून दगडासारखे झालेले हात.

"तुमचं डॉक्टरांच्या घरात जाणं-येणं?"

"पाच वर्षांत उंबरा ओलांडू दिला नाही मेल्याने." शब्द तोंडातून गेला आणि काकूने जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे… मेल्याने असं नव्हतं म्हणायचं मला."

तेवढ्यात गाडीतून नेमोतोला हाक आली. परत आला तो जवळजवळ धावत.

"बाई, ठाण्यावर नदीपलीकडून फोन आलाय. डॉक्टरांचा दोस्त, ऑडिओचं दुकान आहे त्याचं. म्हणतो, काल चार वाजल्यानंतर डॉक्टर त्याच्याशी बोललेत."

३

फुजी नदीवरचा पूल ओलांडला की लगेच त्सुझुकीचं दुकान. खालच्या कोरड्या पात्रात वाळत घातलेल्या कोळंबीचे गुलाबी पट्टे पसरले होते. त्सुझुकी गोड बोलणारा, नेटका, पन्नाशीचा माणूस. रडून डोळे सुजलेले.

"माझ्याशी बोलले असं नाही, माझ्या फोनच्या निरोप-यंत्राशी बोलले," तो म्हणाला. "मी तीनपासून नगर सभागृहात होतो. आमच्या रविवारच्या श्रोतेमंडळाची बैठक आहे ना, मांडामांड चालली होती. तिथं वीसेक माणसं होती, कुणालाही विचारा. दुकान बंद होतं. आज सकाळी येऊन बघतो तर निरोप."

त्याने कळ दाबली. आधी एका गिऱ्हाइकाचा निरोप लागला, रेकॉर्डची सुई कधी मिळेल म्हणून. मग यंत्रातल्या बाईने चार वाजून गेल्याची वेळ सांगितली. आणि मेलेला माणूस बोलू लागला.

"त्सुझुकी? ऐक. ऐकू येतेय ना? पुन्हा आली. आता मी उघडूनच बघतो, मला धीर नाही."

शब्दांच्या मागे एक गुणगुण होती, बरणीत कोंडलेल्या भुंग्यासारखी, चिवट. निरोप संपला तशी तीही तुटली.

त्सुझुकीने रुमाल तोंडाला लावला. "ही गुणगुणच त्यांच्या मुळावर आली. किती वेळा यंत्र माझ्याकडे आणलं होतं! हे बघा, दुरुस्तीच्या आधीचा आवाज, दुरुस्तीनंतरचा आवाज, सगळं टेप करून ठेवतो मी." फळीवर कॅसेटी ओळीने लावलेल्या होत्या. "आमच्या धंद्यात असं कुणी करत नाही."

"डॉक्टरांनी दोन्ही हात आत घातले होते," इबुकी म्हणाली. "का घातले असतील?"

त्सुझुकी थांबला. मग सांगू की नको अशा आवाजात म्हणाला, "उघडायच्या आधी ते खांबाजवळचा खटका पाडायचे. तो पाडून आत आले असतील. आणि बाहेरून कुणी वर केला असेल तर… मी कुणाचं नाव घेत नाही, बाई. पण त्या तोफूवालीने कुऱ्हाडीची भाषा केली होती."

परतताना नेमोतो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. "जमतंय की सगळं! म्हातारा खटका पाडतो, आत जातो. काकू पाणी ओतायला येते, खटका खाली बघते, डोकं फिरतं, वर करते. कदाचित मारायचंही नसेल तिला. काय म्हणता?"

"आधी पेटी उघडून बघू."

पण पेटी उघडलीच नाही.

४

कुंभारीण माशीने पेटीच्या झाकणावर आणि चौकटीवर मिळून मातीचं घर बांधलं होतं. उन्हाळ्यातलं, वाळून दगड झालेलं, मधे साधी चीरही नाही. झाकण उघडायचं तर ते घर फोडावंच लागलं असतं.

नेमोतोने नख लावून पाहिलं. "म्हणजे काल खटका कुणी वर केला नाही."

"आणि कुणी खालीही पाडला नाही. उन्हाळ्यापासून याला हात लागलेला नाही."

"मग काकू सुटली. आणि म्हातारा नुसताच विसरला."

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या दातांत सुई घालणारा माणूस? दिवे काढून ओळीने मांडायचं आठवलं आणि वीज तोडायचं विसरला?" इबुकी अंगणातून खोलीच्या खिडकीकडे बघत होती. "नेमोतो, तो विसरला नाही. वीज तोडली आहे अशी त्याची खात्री होती. दिवे काढलेले, त्यामुळे वीज असली तरी उजेड दिसणार नव्हता. खोलीतला बल्ब रस्त्यावरच्या तारेवर, तो जळतच राहणार. आपल्या डोळ्यांनी कळायची सोयच नव्हती. कुणीतरी बाहेर जाऊन आलं आणि म्हणालं, पाडला खटका. आणि त्याने डावा हात खिशातून काढला."

नेमोतोने तोंडातली काडी काढली.

"पण निरोपात तर तो एकटा होता," तो म्हणाला. "चारनंतर. त्सुझुकी सभागृहात, काकूला घरात प्रवेश नाही. मग ज्याच्या शब्दावर म्हातारा हात घालील असं राहिलं कोण?"

दोघांनीही एकाच वेळी घराकडे पाहिलं. ओट्यावर सुमिए बसली होती, सोललेलं संत्रं हातात धरून, न खाता.

ती म्हणाली ते सरळ होतं. चारला ती घरून निघाली, गाडी चुकली, पुढच्या गाडीने आली. साक्षीदार नाही. बापाचं आणि तिचं पटायचं का? "आई आजारी होती तेव्हा ते स्पीकर निवडत होते," ती म्हणाली. "मला त्या खोलीचा राग होता. पण राग आणि हे… बाई, मी त्यांना मारलं असं वाटतंय का तुम्हाला?"

इबुकीने कॅसेट-यंत्र पुढे ओढलं. निरोपाची टेप तिने सुमिएला ऐकवली. "आवाज त्यांचाच?"

"त्यांचाच. जसाच्या तसा." सुमिएने तोंड फिरवलं. "बंद करा ना."

इबुकी पुन्हा खोलीत गेली. कपाटाच्या फळ्यांवर मऊ धुळीचा थर होता. डॉक्टर कुणाला झाडायला हात लावू देत नसत. त्या धुळीत एकच वस्तू चकचकीत होती, काळी, विटेएवढी पेटी, समोर निळा दिवा, पाठीमागे लाल सील. वर सोनेरी अक्षरं: 'सेइर्यू', निर्मळ ओहोळ. खांबाहून आलेली वीज यंत्रांत शिरण्यापूर्वी या पेटीतून गाळून घ्यायची. त्सुझुकी ती स्वतः बनवून विकायचा, आणि तिची तारीफ कुनुगींनी श्रोत्यांच्या मासिकात तीन वर्षं लिहिली होती.

धुळीच्या कपाटात बिनधुळीची पेटी. ती इथे नवीन आली होती.

आणि खाली, गालिच्याच्या काठाशी, पांढऱ्या रेतीचे चिमूटभर कण. नदीची रेती करडी असते. इबुकीने ते कण कागदात घेतले.

५

इबुकीची आई कोतो नावाचं तंतुवाद्य शिकवायची. घरात दिवसभर तारा जुळत असायच्या, त्यामुळे इबुकीच्या कानाला एक खोड लागली होती. दाराची कडी वाजली तरी तिला त्यातला सूर कळायचा. पोलिसात त्याचा उपयोग शून्य, उलट झोपेचं खोबरं.

बॅटरीवरचं कॅसेट-यंत्र घेऊन ती अंगणात गेली. टेप लावली. "पुन्हा आली," म्हातारा म्हणाला, मागे गुणगुण. तिने तो सूर ओठ मिटून धरला. तसाच गुणगुणत ती खांबाखाली आली.

वर ट्रान्सफॉर्मर घुमत होता. तिने कान दिला, आणि तिचं गुणगुणणं तुटलं.

"नेमोतो! हा सूर वेगळा आहे."

"कुठला?"

"हा खांब वर गातोय. टेपमधला भुंगा खाली गातो."

नेमोतोने खांबाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, जेवलात का?"

"ऐक रे. यंत्रातली गुणगुण विजेचीच असते, वीज जितके हेलकावे खाईल त्या सुराची. या काठाला वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते. पूल ओलांडला की पन्नास. आजोबांच्या काळात पूर्वेने जर्मन जनित्रं आणली, पश्चिमेने अमेरिकन, आणि देश तेव्हापासून दोन सुरांत गुणगुणतोय. माझी बदली टोकियोहून इथं झाली तेव्हा फ्रिजच्या आवाजाने महिनाभर झोप नव्हती मला."

पन्नास आणि साठ. आपल्याकडच्या गवयाने ऐकलं असतं तर म्हणाला असता, एक षड्ज आणि दुसरा कोमल गंधार. तंबोरा लावता न येणाऱ्यालाही हा फरक ऐकू यावा इतका मोठा.

"निरोपाचं यंत्र पलीकडच्या काठाला आहे," नेमोतो आता गंभीर झाला होता. "त्याचीच गुणगुण असेल तर?"

"मग गिऱ्हाइकाच्या निरोपातही असती. तिथं नाही. टेप हळू चालली म्हणावं तर म्हाताऱ्याचा आवाजही जाड झाला असता. मुलगी म्हणते, जसाच्या तसा." तिने यंत्र बंद केलं. "ते शब्द या घरातून फोनवर आलेच नाहीत. ते नदीपलीकडे बोलले गेले. कधीतरी, कुठल्यातरी दुकानात, दुरुस्तीला ठेवलेल्या यंत्रापाशी."

नेमोतो कुजबुजला, "दुरुस्तीच्या आधीचा आवाज."

"आणि सभागृहाच्या बोळात सार्वजनिक फोन आहे. चारनंतर तिथून आपल्याच दुकानाला फोन लावून कॅसेट ऐकवायची, म्हणजे तीनच्या आधी मेलेला माणूस चारलाही जिवंत वाटतो."

६

त्सुझुकी बोलावल्याबरोबर आला. सुमिएपुढे इतका खाली वाकला की नेमोतोलाच अवघडल्यासारखं झालं. ऐकण्याच्या खोलीत दुपारचं ऊन तिरपं आलं होतं. इबुकीने त्याला दोन्ही सूर ऐकवले, आधी टेपमधला, मग खिडकी उघडून खांबाचा.

"ही गुणगुण तुमच्या काठची आहे, त्सुझुकीसान."

त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. पण माणूस हुशार. दोन श्वासांत तो सावरला, हसलासुद्धा.

"कान चांगला आहे तुमचा. पण तुम्हाला 'सेइर्यू' माहीत नाही, बाई. माझी पेटी वीज नुसती गाळत नाही, मोडून आत नव्याने घडवते. डॉक्टरांना पन्नासाचा खर्ज आवडायचा. म्हणून मी त्यांची पेटी पन्नासावर लावून दिली होती. या खोलीतली यंत्रं पन्नासावरच गातात."

नेमोतोने घाबरून इबुकीकडे पाहिलं. असं काही असू शकतं? असू शकतं. तसली यंत्रं बाजारात खरोखर मिळतात, हे तिलाही ठाऊक होतं.

"हीच ती पेटी?"

"हीच."

"तीन वर्षं इथंच आहे?"

"इथंच."

"धूळ कशी नाही हिच्यावर?"

"… मी अधूनमधून पुसायचो."

"बरं. मग उघडू या. वीज घडवायची कारागिरी आम्हालाही दिसेल."

"नाही!" तो इतक्या जोरात ओरडला की सुमिए दचकली. "म्हणजे, सील तुटलं की पेटी निकामी होते. माझं गुपित आहे ते, धंद्याचं. तुम्हाला कायद्याने उघडता येणार नाही."

"पेटी माझ्या वडिलांची आहे," सुमिए म्हणाली. ती पुढे झाली. "आता माझी. उघडा, नेमोतोसान."

नेमोतोने सील फोडलं. चार स्क्रू निघाले. झाकण उचललं आणि पेटी टेबलावर उलटी केली.

सरसर आवाज झाला. पांढरी, कोरडी रेती टेबलावर पसरत गेली, थेट कडेवरून खाली गालिच्यावर. रेतीच्या ढिगात सिमेंटचा एक तुकडा, निळा दिवा आणि दिव्यापुरती तार. वीज या तोंडातून त्या तोंडाकडे सरळ जात होती, गाळली न जाता, साठाची साठ.

इबुकीने खिशातला कागद उलगडून ढिगाशेजारी ठेवला. रेती तीच होती.

"पहिली पेटी त्यांनी स्वतः उघडली होती," ती म्हणाली. "ती तुम्ही उचलून नेलीत आणि दुकानातून नवी आणून ठेवलीत. सांडलेले कण राहिले. आता तुम्हीच सांगा, त्सुझुकीसान. या पेटीने पन्नासाचा सूर कसा काढला?"

हळूहळू तो जमिनीवर बसला, जिथं डॉक्टर बसले होते त्याच्या बाजूलाच.

७

"दुपारी बोलावलं त्यांनी मला," त्सुझुकी म्हणाला. "पेटी उघडी पडली होती टेबलावर. मला वाटलं, ओरडतील. हसत होते. म्हणाले, त्सुझुकी, तीन वर्षं मी रेती ऐकली आणि वर तिची कौतुकं लिहिली. माझे कान डोळ्यांनी ऐकत होते."

सुमिए भिंतीला टेकून उभी होती.

"म्हणाले, रविवारी मंडळापुढे दोघं उभे राहू. मी बोलीन, तू नुसता वाकून उभा राहा. तुला एकट्याला तोंड द्यावं लागणार नाही." त्याने रेतीत बोट बुडवलं. "मी हो म्हणालो. मग ते नेहमीसारखे गुणगुणीचं मूळ शोधायला बसले. दिवे काढले. म्हणाले, जा, खटका पाडून ये. मी अंगणात गेलो. खांबावरच्या पेटीपर्यंत गेलो. हात पुढे केला होता, बाई, खरंच केला होता. सगळे ओळखीचे चेहरे दिसायला लागले समोर. तसाच परत आलो. त्यांनी वर न बघता विचारलं, पाडलास? मी म्हणालो, पाडला."

नेमोतोने त्याला दंडाला धरून उठवलं. दारातून जाताना त्सुझुकी सुमिएपुढे थांबला, पण त्याला वाकताही येईना आणि सरळ उभंही राहता येईना.

रविवारी सभागृह भरलं होतं. मांडलेले स्पीकर कुणी चालू केले नाहीत. लोक कुजबुजत होते, बातमी सगळ्यांना लागली होती. सुमिए काळ्या किमोनोत मंचावर आली. तिला संगीतातलं काही कळत नव्हतं आणि बोलण्याची सवय नव्हती. इबुकी दाराशी उभी होती.

"माझे वडील आज तुमची माफी मागणार होते," सुमिए म्हणाली. "त्यांनी ज्याची स्तुती केली ते खोटं होतं. ते तुमच्यापासून लपवायचं त्यांच्या मनात नव्हतं. म्हणून त्यांच्या वतीने मी मागते."

ती कमरेतून वाकली आणि वाकलेलीच राहिली. सभागृहात खुर्चीही करकरली नाही. पहिल्या रांगेतले म्हातारे एकमेकांकडे बघत होते. त्यांच्याही घरात तीच पेटी होती, त्यांनीही त्यातून स्वर्ग ऐकला होता. मग त्यांतला एक उठला आणि वाकला. पाठोपाठ दुसरा. रांगेमागून रांग उभी राहिली.

सुमिएला ते दिसलंच नाही. तिची नजर जमिनीवर होती आणि खांदे हलत होते. शेवटी मागच्या दारातून ओकुमुरा काकू तरातरा चालत आली, कामाच्या रबरी बुटांसकट मंचावर चढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पुरे झालं, पोरी. सरळ हो. ते बघ, सगळे उठलेत तुझ्यासाठी."